अख्खे सरगुंडे आणि कात्रजचं पायसम

मी आर्वीहून पुण्याला गेले ती मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात सरगुंडे. ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, कारण पुण्यात दिसेल त्या माणसाला मला हे सांगावं लागलं. गव्हाच्या रव्यामैद्याची घट्ट कणीक तिंबायची, तिची दोऱ्यासारखी बारीक वळी काढत काडीवर गुंडाळायची, पोळपाटावर हलकेच फिरवायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. उरते ती बोटाएवढी पोकळ, वळ्यावळ्यांची नळी. ती सावलीत वाळवायची. खायच्या दिवशी उकळत्या पाण्यात शिजवून तूपसाखरेसोबत नाहीतर आमरसासोबत पानात वाढायची. आमच्याकडे व्याही जेवायला आले की सरगुंडे पाहिजेतच, आणि व्याह्याच्या पानात तुटका पडला तर तो बोलत नाही, पण जन्मभर विसरतही नाही.

दरवर्षी चैत्रात माझ्या ओसरीवर आम्ही चौघी बायका सरगुंडे करायला बसतो. दोन वर्षांपासून ते पुण्याला, कात्रजच्या एका हॉटेलात जातात. हॉटेल प्रमिलाताई नावाच्या अकोल्याकडच्या बाई चालवतात, जोडीला वसंता नावाच्या एक तमिळ बाई आहेत. दोघींपैकी कोणालाच मी पाहिलेलं नव्हतं, सगळं फोनवर. आम्ही अख्खे सरगुंडे निवडून, कागदाच्या पट्ट्यांत नव्या बाळासारखे गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवायचे. मोडके घरी, नातवंडांच्या खिरीला.

तर पौषात प्रमिलाताईंचा फोन आला. म्हणाल्या, नलूताई, एकदा पुण्याला येऊन जा, सरगुंड्यांचं बोलायचंय, फोनवर सांगण्यासारखं नाही. मला वाटलं, अख्खे पाठवलेले तिथे पोचेपर्यंत मोडत असणार आणि आता ऑर्डर बंद होणार, दुसरं काय असणार? आणि मोडतात म्हणजे कोणाचे मोडतात हेही मला लगेच उमगलं. गुंफाबाईचे.

गुंफाबाई आमच्या समोरच्या घरातली. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा काडी कशी धरायची ते तिनंच मला शिकवलं. आता तिची सत्तरी उलटली, हात थरथरतात, काडी ओढताना निम्मे सरगुंडे जागेवरच तुटतात. उरलेल्यांनाही चीर जात असणार, असं मी धरून चालले. फोन ठेवला आणि तडक तिच्याकडे जाऊन सांगितलं, की या चैत्रात तू बसू नको. ती एवढंच म्हणाली, ‘‘बरं.’’ तिच्या घरी दुसरं कोणी नाही. वर्षभरातले ते पंधरावीस दिवसच ती चार माणसांत असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला ऑर्डर वाचवायची होती, आणि माझ्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती निघत नाही.

सदाशिव पेठ

गाडीचा क्लीनर डबा डिकीत ठेवा म्हणत होता. मी म्हटलं, बाबा, तू डिकीत बैस, डबा माझ्या सीटवर राहील. पुणे येईपर्यंत डबा मांडीवर होता आणि उतरताना माझे दोन्ही पाय परक्याचे असल्यासारखे झाले होते. पण डबा उघडून पाहिला, एकही मोडला नव्हता. हे नव्यानं केलेले नमुन्याचे सरगुंडे, सगळे माझ्या हातचे. प्रमिलाताईंपुढे ठेवायचे आणि सांगायचं, बघा, ज्या बाईचे मोडत होते तिला काढली, आता यापुढे असा माल येईल. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

माझी भाची मयुरी सदाशिव पेठेत तीन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्या आर्वीत पाहुणा गल्लीत शिरला की चार जण त्याला घरापर्यंत पोचवतात, एखादा चहाही पाजतो. इथे जिन्याशी पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांना मी मयुरीची खोली विचारली. पेपर खाली न करता ते म्हणाले, ‘‘अशा तीन मयुऱ्या आहेत इथे. मजला सांगा.’’ मला मजला माहीत नव्हता. ‘‘मग खालून सुरुवात करा,’’ ते म्हणाले. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, हसू आलं. आणि मी वर निघाल्यावर त्यांनी उठून माझी पिशवी उचलून पहिल्या मजल्यावर आणून ठेवली, पुन्हा एक शब्द न बोलता.

दुपारी मयुरीच्या मेसचा डबा खाल्ला. पोळ्या इतक्या पातळ की आरपार बोटं दिसावीत, आणि वांग्याच्या भाजीत गूळ. वांग्यात गूळ, बाप्पा! मी पिशवीतून जवसाची चटणी काढली तशा त्या चारही पोरी अभ्यास टाकून भोवती बसल्या. एक कोल्हापूरची, एक परभणीची, एक चिपळूणची. संध्याकाळपर्यंत चटणीची बाटली रिकामी झाली आणि बाकी तिघींनीही मला मावशी करून टाकलं. पोरींनी मला गल्लीबोळांतून फिरवलं, एका दुकानाबाहेर बाकरवडीच्या रांगेत उभं केलं. मजा आली. फक्त मधूनच गुंफाबाईचं ते ‘बरं’ आठवे आणि तोंडातला घास फिरे.

कात्रज

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि सरगुंडे त्या हॉटेलात गुरुवारीच वाढतात एवढं मला माहीत होतं. मयुरीनं स्कूटर काढली. पुढे ती, मागे मी, मध्ये डबा. पुण्याच्या रस्त्यांवर जितके खड्डे आले तितक्यांदा मी डबा छातीशी वर उचलला. एका सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं विचारलं, मावशी, बाळ किती महिन्यांचं? मयुरी एवढी हसली की सिग्नल सुटला तरी तिला निघता येईना.

मी आधीच ठरवलं होतं, की आत जाऊन ओळख द्यायची नाही. गिऱ्हाईक म्हणून बसायचं आणि आपला माल पानात कसा पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मयुरी म्हणाली, मावशी, हे बरं दिसतं का? मी म्हटलं, तू जेव.

डेअरीच्या पुढे उजवीकडच्या गल्लीत ते हॉटेल. आठ टेबलं, धुतलेली फरशी, भिंतीवर मुरुगनची, म्हणजे कार्तिकस्वामीची, तसबीर आणि तिच्याच बाजूला फळीवर पितळेचा छोटा बुद्ध. शेवंतीचा एकच हार मधोमध तोडून दोघांना अर्धा अर्धा घातलेला. आतून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आणि त्याच्याच पाठोपाठ भाजक्या खोबऱ्या-खसखशीचा आमच्याकडचा वास. नाकाला काही कळेना की आपण नेमके कुठल्या गावी आहोत.

केळीची पानं मांडली गेली. आमच्या टेबलावर समोर एक सत्तरीचे, इस्त्रीच्या शर्टातले पुणेकर येऊन बसले. दर गुरुवारी त्यांची ही जागा ठरलेली असावी, कारण मी तिथे बसल्याचं त्यांना आवडलेलं नव्हतं.

आणि मग जेवण आलं. काय सांगू तुम्हाला. आधी ज्वारीच्या कण्यांची इडली, तिच्यावर तिळाचं तेल आणि जवसाची चटणी. मग वांग्याचं सांबार, आणि त्यात शेवग्याच्या शेंगांसोबत चक्क पाटवड्या सोडलेल्या. आमच्या पाटवड्या झणझणीत रश्श्यात असतात, खाताना डोळ्यांतून पाणी काढतात. इथे त्याच पाटवड्या चिंचेच्या आंबटगोड सांबारात फुगून बसलेल्या, तोंडात घातल्या की विरघळत होत्या. पळीभर अंबाडीची भाजी, पण लाल मिरच्या आणि लसूण तळून. आणि गोळाभात! डाळीचे गोळे घालून केलेला हा भात आम्ही कढी आणि वरून फोडणीचं तेल घालून खातो. इथे त्यावर त्यांचं मोरकुळंबू होतं. ती त्यांची कढीच, फक्त ओलं खोबरं वाटून लावलेलं आणि कोहळ्याच्या फोडी घातलेल्या. मी तीनदा भात घेतला. वाढणारी बाई एकदाच विचारायची, आणि नको म्हटलं की खरंच पुढे जायची. आमच्याकडे नको म्हणणं ही नुसती सुरुवात असते. मला ते उमजेपर्यंत एक गोळा हातचा गेला.

शेवटी वाट्या आल्या. गरम, केशरी झाक असलेलं गुळाचं पायसम, वर तुपात परतलेले काजू. मी चमचा घातला. त्यात माझे सरगुंडे होते. तुकडे. नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे. एकही अख्खा नाही.

मी चमच्यानं ढवळून तळ बघितला. एक एक तुकडा वर काढून बघितला. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, ते पायसम आहे, पुरावा नव्हे. खाल्लं तरी चालतं.’’

खाल्लं. चव अशी होती की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी वाटी चाटली असती. नळीच्या पोकळीत गूळदूध भरून बसलेलं, दाताखाली आलं की आत सुटायचं. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललं होतं, की सगळाच्या सगळा माल चुरा होऊन पोचतोय आणि या बिचाऱ्या दोघी दोन वर्षं तोंडातून शब्द न काढता तो कसातरी खिरीत खपवताहेत. मी डबा उचलला आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाले. माफी मागायची आणि ते पाठ केलेलं वाक्य म्हणायचं.

दाराशी पोचले. आत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई परातीपुढे उभी. परातीत माझे सरगुंडे, आमच्या कागदाच्या पट्ट्यांतून नुकतेच सोडवलेले, अख्खे, सरळ, एकालाही चीर नाही. आणि ती बाई एकेक उचलून कटकट मोडत होती. एकाचे पाच. दुसऱ्याचे पाच.

‘‘अहो, हे काय करताय!’’ मी ओरडले. कशी ओरडले ते मयुरी अजून करून दाखवते. बाहेर कोणाचातरी पेला पडला.

त्या वसंताताई होत्या. त्यांनी हातातला सरगुंडा मोडून पुरा केला, मग मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मागे वळून शांतपणे हाक मारली, प्रमिला, तुझ्या आर्वीच्या बाई आल्यात. आवाजावरूनच ओळखलं त्यांनी.

प्रमिलाताई धावत आल्या, मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि दोघींनी मिळून जे सांगितलं ते असं. त्यांचे नवरे एकाच कारखान्यात, घरं शेजारी शेजारी. एका सणाला वसंताताईंच्या पायसमाला शेवया कमी पडल्या. प्रमिलाताई बाजारात गेलेल्या. वसंताताईंनी हक्कानं शेजारणीच्या फळीवरचा डबा काढला आणि त्यातले सरगुंडे मोडून पातेल्यात घातले. ते प्रमिलाताईंच्या आईनं लेकीच्या बाळंतपणासाठी राखून पाठवलेले. प्रमिलाताई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांचा नवरा म्हणाला, भांडण राहू दे, पण ते पायसम पुन्हा कधी होणार तेवढं विचारून ये. त्या पातेल्यातून हे हॉटेल निघालं, असं वसंताताई म्हणाल्या. त्या तीस वर्षं पुण्यात आहेत आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात.

मी विचारलं, मग मला बोलावलंत कशाला?

प्रमिलाताई पदराशी खेळत राहिल्या. शेवटी वसंताताईंनीच सांगितलं. सरगुंडे पुरत नाहीत. अख्खे अख्खे म्हणून तुम्ही एका खोक्यात मूठभर पाठवता, बाकी सगळा कागद. गेल्या वर्षी दिवाळीलाच संपले, यंदा हे शेवटचं खोकं पुरवून वापरतोय; संपले की गुरुवारची माणसं तोंड पाडून जातात. मोडके पाठवाल का, एवढंच विचारायचं होतं.

‘‘मग हे फोनवर का नाही विचारलं?’’

‘‘कसं विचारणार, ताई?’’ प्रमिलाताई म्हणाल्या. ‘‘मी वऱ्हाडातली आहे. सरगुंडे करणाऱ्या बाईला तुटके द्या म्हणणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. समोर बसून, जेवू घालूनच विचारायचं होतं.’’

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं पाणी राहिलं नाही. दोघी घाबरल्या. तेव्हा मी त्यांना गुंफाबाईचं सांगितलं. जिनं मला काडी धरायला शिकवलं तिला मी मोडके होतात म्हणून घरी बसवून आलेय, आणि इथे तुम्ही माझे अख्खे मोडत उभ्या आहात. मला माझी इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

वसंताताईंनी पातेल्यातलं पायसम वाटीत घेतलं, माझ्यापुढे ठेवलं आणि मी ते संपवेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लावा. मी म्हटलं, ती फोन उचलत नाही, आणि उचलला तरी हेही फोनवर सांगण्यासारखं नाही. प्रमिलाताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

मी आणलेला डबा मग उघडला. मांडीवरून आणलेले, खड्ड्यांतून वाचवलेले. वसंताताईंनी विचारलं, मोडू का? मी म्हटलं मोडा, पण मला बाहेर जाऊ द्या. बाहेर ते पुणेकर हात धुऊन उभे होते, आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. मला म्हणाले, ‘‘म्हणजे पुढच्या गुरुवारी दुसरी वाटी मिळणार, असं समजायचं का?’’ मी म्हटलं, तिसरीसुद्धा. ‘‘बघू,’’ म्हणाले आणि गेले. पण दारातून बाहेर पडताना हसत होते, मयुरीनं पाहिलं.

खडकवासला

परतीचं तिकीट एक दिवस नंतरचं होतं. मला त्याच संध्याकाळी निघायचं होतं, जागा मिळाली नाही. मयुरी म्हणाली, मावशी, तू इथे बसून गाडी लवकर येणार आहे का? चारही पोरींनी अभ्यासाला सुट्टी दिली आणि मला धरणावर घेऊन गेल्या.

सकाळची थंडी, धरणाचं पाणी दूरवर निळं, पलीकडे डोंगर आणि त्यांच्यावर बसलेलं हलकं धुकं. आमच्याकडे एवढं पाणी फक्त पुरात दिसतं आणि तेव्हा ते बघायला कोणी आनंदानं जात नाही. रस्त्याकडेच्या बाईनं निखाऱ्यावर कणीस भाजून दिलं. ती म्हणाली, लिंबू चोळा, मीठ चोळा, तिखट लागत आसंल तर सांगा. मी म्हटलं, बाई, मी आर्वीची, तुझं सगळं तिखट एका कणसाला लागेल. तिनं खरंच सगळं लावलं. चिपळूणची पोरगी पाण्यात पाय सोडून गाणं म्हणत होती, परभणीची प्रत्येक गोष्टीचे फोटो काढत होती. मी त्यांच्यामध्ये फतकल मारून बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. इतक्या वर्षांत मी कुठे नुसती फिरायला म्हणून गेले नव्हते. पुढच्या वेळी गुंफाबाईला घेऊन यायचं, असं त्या पाण्याकडे बघताना वाटलं. आणि लगेच वाटलं, ती येईल का?

आर्वी

सकाळी गाडीतून उतरले ती घरी न जाता समोरच्या दारात. गुंफाबाई उन्हात बसून सुपात तूर निवडत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बस म्हणाली नाही. मी आपणहून पायरीवर बसले.

सगळं सांगितलं, काहीही न गाळता. पायसम, परात, वसंताताईंचे हात, अख्ख्या सरगुंड्यांचे पाच पाच तुकडे. सांगितलं, की त्यांना मोडकेच पाहिजेत आणि पोतं भरून पाहिजेत. शेवटी म्हटलं, गुंफाबाई, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं, त्यांना विचारायला हवं होतं, मी काहीच विचारलं नाही. तू आली नाहीस तर मीही चैत्रात बसणार नाही.

ती निवडतच होती. मग सूप बाजूला ठेवून आत गेली. मला वाटलं, दार लावते की काय. बाहेर आली ती एक सरगुंडा घेऊन. अख्खा, जुन्या काळचा, तिच्या चांगल्या हाताच्या दिवसांतला असावा, वळी इतकी एकसारखी की माझ्यानं आजही जमायची नाही. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला.

‘‘तोड,’’ ती म्हणाली.

‘‘हा कायले व?’’

‘‘तोड म्हणते ना.’’

आयुष्यात कधी जाणूनबुजून सरगुंडा मोडलेला नव्हता. डोळे मिटले आणि मोडला. दोन तुकडे झाले.

गुंफाबाईनं ते उचलले, उन्हात धरून दोन्हीकडून पाहिले आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

‘‘एवढेच पाह्यजे त्यायले,’’ तिनं विचारलं, ‘‘का आणखी बारीक?’’